पानावर ठेवलेले घड

ती घटना आठवली की आजही मला आधी केळीची पानं दिसतात, आरोपी नंतर. हाच क्रम मी त्या वेळी पाळला असता, तर एका निरपराध माणसाला दोन रात्री माझ्या कोठडीत काढाव्या लागल्या नसत्या.

ऐंशीचं दशक संपत आलं होतं. मी मूळचा धुळ्याचा, पण नेमणूक रावेर तालुक्यातल्या एका ठाण्यात, फौजदार म्हणून. बोलण्याची मला उपजत हौस. चार माणसं समोर बसली की माझी गाडी उताराला लागायची, ब्रेक आमचे जमादार लावायचे. जमादार साक्रीकडचे, अहिराणी बोलणारे, निवृत्तीला आलेले. त्यांचा ब्रेक म्हणजे खाकरणं.

त्या काळी माझ्याजवळ एक वही होती. सरकारी नव्हे, माझी खाजगी. तिच्यात मी माणसांची प्रतवारी लावली होती, आणि तीही सरपणावरून. पहिली जात पऱ्हाटीची. कपाशीची वाळकी काडी भडकन पेटते आणि घटकाभरात तिची राख होते. असा माणूस डोकं फोडतो आणि जखमेला हळद लावायलाही तोच धावतो. दुसरा बाभूळ. पेटायला उशीर, पण निखारा दुसऱ्या दिवसापर्यंत. हे वैर धरणारे. तिसरी गोवरी. जाळ दिसत नाही, आतल्या आत धुमसते. निनावी अर्ज हेच करतात. चौथं ओलं लाकूड. स्वतः पेटत नाही, धुराने दुसऱ्याच्या डोळ्यांत पाणी आणतं. गावात भांडणं लावणारे सगळे या पानावर. आणि शेवटचा केळीचा खांब. आत नुसतं पाणी. चुलीत घातला तर चूलच विझेल. हे पान मी कोरं ठेवलं होतं, कारण अशा माणसांचं पोलिसांकडे काय काम?

पारोळ्याला असताना बैलचोरीचा एक गुन्हा या वहीच्या जोरावर उघडकीस आला होता. साहेबांनी पाठ थोपटली, आणि तिथून माझं डोकं चढलं.

जमादारांना मी ती वही वाचून दाखवली, तेव्हा ते तंबाखू मळत म्हणाले, "सायेब, बठ्ठं खरं शे. पन लाकूड वल्लं का सुकं, हाई हात लायीसन समजस. वही देखीसन नही."

सगळं खरं, पण लाकूड ओलं की सुकं हे हात लावून कळतं, वही बघून नाही, असं त्यांचं म्हणणं. मी हसलो. मला वाटलं, म्हातारा जळतोय. बहुधा गोवरी.

ऐन उन्हाळ्यात एका रविवारी सकाळी फिर्याद आली. गावातले एक बडे बागाईतदार, सगळे त्यांना नाना म्हणत, धापा टाकत ठाण्यात आले. त्यांच्या बागेतले दीडशेच्या वर घड रात्रीतून कोणीतरी कापले होते. कोवळे, भरायला अजून महिना हवा होता असे. केळी पिकवणाऱ्याच्या दृष्टीने याहून मोठा घाव नाही. घड एकदा उतरवला की त्या झाडाचं काम संपलं. शिवाय सात-आठ घड जागेवर नव्हते, म्हणून नुकसानीच्या कलमासोबत चोरीचंही कलम लागलं. चोरी अजामीनपात्र. हे लक्षात ठेवा, पुढे कामाला येईल.

मी पंचांना घेऊन बागेत गेलो. घटनास्थळाचा पंचनामा स्वतः सांगितला, जमादारांनी लिहून घेतला. मग सालदाराचा जबाब. आमच्या भागात वर्षाच्या बोलीवर शेतात राबणाऱ्याला सालदार म्हणतात. हा तेवीस वर्षं नानांकडे होता. पन्नाशीचा, शांत, मान खाली, धोतरावर चिकाचे काळे डाग. केळीच्या चिकाचा डाग मरेपर्यंत जात नाही, त्यामुळे त्या तालुक्यात डागावरून गुन्हेगार शोधायचा तर अर्धा तालुका आत टाकावा लागेल.

जबाब घेता घेता माझी गाडी उताराला लागली. मी त्याला सरपण समजावून सांगितलं. तो तोंड उघडं ठेवून ऐकत होता. असा श्रोता मिळाला की मला तहानभूक राहत नाही.

"मग सांगा भाऊ, नानांच्या माणसांत पऱ्हाटीसारखा भडकणारा कोण?"

"पऱ्हाटीसारखे तं आबा हायेत, साहेब."

आबा म्हणजे नानांचे चुलतभाऊ. एका सरकारी खात्यात जीपवर ड्रायव्हर. दोघांत बांधावरून तंटा होता. लगोलग दुसरी खबर आली, सलूनवाल्याकडून. चारच दिवसांपूर्वी आबा भर चौकात ओरडले होते, "तुझा बाग उभा कापीन!"

झालं. वहीचं पान उघडलं, आबा त्यात चपखल बसले. सोमवारी सकाळी अकरा वाजता मी त्यांना अटक केली आणि स्टेशन डायरीत नोंद टाकली.

चौकशीत आबा पऱ्हाटीसारखेच तडतडले.

"मी कापलं अस्तं तं सांगून कापलं अस्तं! दिवसाढवळ्या कापलं अस्तं! मले काय भ्याव हाये का त्याचं?"

"चौकात तुम्ही काय बोललात?"

"चौकात मी बायकोलेही म्हनतो का घरातून हाकलून देईन. तिले इचारा, इस वर्सं झाले, अजून घरातच हाये!"

कोठडीवरचा शिपाई हसला. मी त्याला डोळ्यांनीच गप्प केलं. मंगळवारी कोर्टाने दोन दिवसांची पोलीस कोठडी दिली.

दुपारी आबांची बायको आली. बाकावर टेकली नाही, उभीच राहिली. "साहेब, उद्या अकरा वाजता अठ्ठेचाळीस तास होतीन. हापिसात सांगतलं, तेवढे तास आत राह्यला का नोकर निलंबित. मंग वर्स वर्स चौकशी. यायचं, आमच्या मालकाचं, तोंड फाटकं हाये, पन हात तसा नाही. तुम्ही एकदा यायच्या हाताकडे पाहा."

नियम खरा होता. सरकारी नोकर अठ्ठेचाळीस तासांवर कोठडीत राहिला की निलंबन मागायला जावं लागत नाही, चालत येतं. मी तिला म्हणालो, तपास चालू आहे. आपण पोलीस हे वाक्य फार वापरतो. त्याचा अर्थ, तपास चालू नाही.

या दोन दिवसांत एक गंमत चालली होती. सोमवारी दुपारी सालदार ठाण्यात आला. व्हरांड्यात जमादारांशेजारी उकिडवा बसला. मी बाहेर आलो, तो उठून उभा राहिला, काही बोलणार तेवढ्यात मीच म्हणालो, "या भाऊ! काल बैलचोरीची गोष्ट अर्धी राहिली." आणि ती पुरी केली. चहा पाजला. तो गेला.

मंगळवारी पुन्हा आला. आबांना कोर्टातून परत आणलं, तेव्हा त्याने त्यांच्याकडे पाहिलं आणि मान फिरवली. मी त्याला पिंपळनेरच्या एका भामट्याची हकिगत ऐकवली. जमादार तीनदा खाकरले. मी त्यांना म्हणालो, खोकल्याचं औषध घ्या.

त्या दिवशी पाच वाजता जमादारांनी माझ्या टेबलावरची वही उचलली, कपाटात ठेवली आणि तिच्या जागी पंचनामा ठेवला. मी जरा रागाने, जरा कुतूहलाने तो वाचायला घेतला. माझाच मजकूर होता. चतुःसीमा, झाडांची संख्या, काप कोयत्याचा. आणि पुढे: 'कापलेले घड केळीची पानं अंथरून त्यांवर ओळीने ठेवलेले दिसले.'

हे वाक्य मी स्वतः सांगितलं होतं आणि विसरलो होतो.

कापणीच्या वेळी मजूर घड जमिनीवर टाकत नाहीत. कोवळ्या सालीला मार लागतो, माती लागते, म्हणून खाली पानं अंथरतात आणि तान्ह्या मुलासारखा घड अलगद ठेवतात. पण ही काळजी विकायच्या मालासाठी. नासवायला आलेला माणूस पानं कशाला अंथरेल? पऱ्हाटी तर कोयता फिरवून मोकळी झाली असती. हे हात रागात होते, तरी घड आपटायला धजावले नव्हते. असे हात आयुष्यभर जीपचं स्टिअरिंग धरणाऱ्याचे कसे असतील?

बुधवारी सकाळी नऊ वाजता सालदार तिसऱ्यांदा आला. मी त्याला आत घेतलं, स्टूल दिलं, पंचनामा पुढ्यात ठेवला आणि एवढंच विचारलं, "घडांखाली पानं कोणी घातली?"

आणि गप्प बसलो. माझ्यासाठी ते किती अवघड होतं हे जमादार सांगू शकले असते. पंखा फिरत होता. बाहेर वायरलेस खरखरत होता. दोनदा माझी जीभ उचलली गेली, दोन्ही वेळा मी ती दातांखाली धरली.

"मीच घातली, साहेब," तो म्हणाला. "खाली कसा टाकू? हाताले सवय नाही."

मग सगळं सांगितलं. आदल्या आठवड्यात शेतीखात्याचे अधिकारी बाग पाहायला आले होते. सोबत फोटोवाला. एवढा बाग तालुक्यात नाही म्हणाले. हा धुतलेला सदरा घालून सगळ्यांत मोठ्या घडाखाली उभा राहिला. नाना म्हणाले, "तू बाजूले हो. घड झाकला जाऊ राह्यला."

"तेवीस वर्सं उनापासून घड मीच झाकले, साहेब. पानं बांधू बांधू झाकले. अन् त्या दिवशी मीच आडवा आलो."

"मग आबांना अटक झाली तेव्हा का नाही बोललात?"

त्याने पहिल्यांदा माझ्या डोळ्यांत पाहिलं. "सोमवारी तेच सांगाले आलो व्हतो. कालही आलो. तुमी सांगत व्हते, मी आयकत व्हतो. साहेबाले मधीच कसं तोडू?"

जमादार खाकरले नाहीत. त्याची गरजच नव्हती.

पंचांसमोर निवेदन झालं, त्याने स्वतः कोयता काढून दिला. मी कलम १६९ चा अहवाल लिहायला घेतला, म्हणजे पुरावा नसल्याने आरोपीला जातमुचलक्यावर सोडण्याचा. डायरीत सुटकेची वेळ टाकली, दहा वाजून चाळीस मिनिटं. वीस मिनिटांनी नोकरी वाचली. आबा कोठडीतून बाहेर आले, सालदारासमोर उभे राहिले, मला वाटलं आता हात उचलतात. ते म्हणाले, "अरे येड्या, मले सांगतलं अस्तं तं मीच आलो अस्तो कापाले!" आणि ढसाढसा रडले. पऱ्हाटीच ती. वही अगदीच चुकली नव्हती.

गायब घडांचा उलगडा त्याहून सोपा निघाला. रविवारी सकाळी बघायला जमलेल्या गावकऱ्यांनीच ते भाजीला नेले होते. पंचनामा चालू होता तेव्हा पंचांपैकी एकाच्या घरी तीच भाजी शिजत होती.

चोरीचं कलम गळलं आणि नानांनी सालदाराशी कोर्टात तडजोड केली. पंचनाम्यातलं ते वाक्य मी त्यांना वाचून दाखवलं, तेव्हा त्यांनी तो कागद मागून घेतला आणि स्वतः पुन्हा वाचला. सालदार मात्र परत त्या बागेत गेला नाही. आखाजीला, म्हणजे अक्षय्य तृतीयेला, त्याने यावलकडच्या बागेत नवं साल धरलं.

माणसांचे साचे खोटे असतात असं मी म्हणणार नाही. कोणाशी चढ्या आवाजात बोलावं आणि कोणाला आधी पाणी द्यावं, एवढं ते सांगतात. पण गुन्हा कोणी केला हे विचारायचं तर त्या माणसाचे हात काय करून गेले ते वाचावं. आणि केळीच्या खांबासारख्या ज्या पानावर काहीच लिहिलेलं नाही, ते पान पूर्ण झालंय असं समजू नये.

त्या संध्याकाळी मी जमादारांना विचारलं, "सगळ्यांना सरपण केलं. आता सांगा, मी कोणतं लाकूड?"

त्यांनी तंबाखूची चिमूट तोंडात टाकली. "तुम्ही लाकूड नही शेतस, सायेब. तुम्ही फुकनी शेतस. आरपार पोकय, नि बठ्ठा वारा."

फुंकणीचं पान मी त्याच रात्री वहीत वाढवलं. पुढे वर्दी उतरेपर्यंत एक नियम पाळला. ठाण्यात कोणी आलं की स्टूल द्यायचं, घड्याळ बघायचं आणि पाच मिनिटं तोंड उघडायचं नाही. आरोपीला अठ्ठेचाळीस तास जड जातात. मला ती पाच मिनिटं जायची.