दुसऱ्या पलटणीची सात नावं

कुणी ‘मेजर’ म्हणून हाक मारली की ते थांबायचे, वळायचे आणि हाक मारणाऱ्याला शांतपणे सांगायचे, “हवालदार. मेजर वेगळा असतो.” मग पुढे चालू लागायचे. इंदिरानगरातल्या आमच्या गल्लीत हे दिवसातून तीन-चारदा तरी व्हायचं. फौजेतून परतलेला प्रत्येक माणूस आपल्याकडे मेजर असतो, हे तुम्हालाही माहीत आहे. फुकटचा मान वाटायला आपण फार उदार. तो नको म्हणणारा माणूस मात्र आपल्याला तिरसट वाटतो. गल्लीत त्यांना तिरसटच म्हणत.

मीही म्हणायचे. मी पत्रकांवर वाढले. वडील अंबडच्या एका कारखान्यात कामगार संघटनेचं काम करायचे, त्यामुळे आमच्या घरात गोष्टींच्या पुस्तकांआधी पत्रकांचे गठ्ठे आले. लढाईत मरायचं गरिबांच्या पोरांनी आणि टाळ्या वाजवायच्या पोट भरलेल्यांनी, असं त्यातल्या एकात होतं. ते मला आठव्या वर्षी पाठ होतं आणि आजही त्यातला शब्द मागे घ्यावासा वाटत नाही. फौजेतला माणूस म्हणजे टाळ्यावाल्यांच्या बाजूचा, एवढी भर मात्र मी माझ्या अकलेने घातली होती.

त्या कारखान्याच्या गेटवर हे हवालदार वॉचमन होते. वडील पत्रकं वाटायला आले की त्यांना हुसकावून लावायचं, असा मालकाचा हुकूम. ते आधी एक पत्रक मागून घ्यायचे, उभ्या उभ्या शेवटपर्यंत वाचायचे आणि मग म्हणायचे, “आता दहा पावलं मागं व्हा.” एकदा संप जिंकल्याचं पत्रक वाचून त्यांनी वडिलांना विचारलं, की यात तुमच्या संघटनेचं नाव सहा वेळा आलंय, शेजारच्या कारखान्यातले लोक तुमच्यासाठी तीन दिवस उन्हात बसले, ते कुठे आहेत? वडील म्हणाले, जागा पुरली नाही.

“दुसऱ्याचं नाव आलं की जागा पुरत नाही,” ते म्हणाले.

वडील घरी येऊन दिवसभर धुसफुसत होते. पुढचं पत्रक मात्र त्यांनी दोन्ही बाजूंनी छापलं.

मोठी होऊन मी काय केलं? एका फ्लेक्सच्या दुकानात मजकूर लिहायला लागले. गल्लीगुंडाच्या वाढदिवसाला ‘तरुणांचे आशास्थान’ लिहून देणाऱ्या बाईने तत्त्वांवर किती बोलावं, ते तुम्हीच ठरवा. त्या दुकानात एके दिवशी आमच्या मित्रमंडळाचे अध्यक्ष आले. गल्लीतल्या बागेत त्यांना वीरस्मारक करायचं होतं. अध्यक्षांची देशभक्ती नवी कोरी होती, अजून प्लास्टिकही काढलेलं नव्हतं. बागेत फायबरची एक तोफ आधीच येऊन पडली होती आणि जागेअभावी तिचं तोंड सार्वजनिक शौचालयाकडे केलं होतं. आता काळ्या ग्रॅनाइटचा दगड हवा होता. आपल्या मेजरांची पलटण म्हणजे आपल्या मातीतली पलटण, तेव्हा वर तिचं नाव ठसठशीत, खाली लढाईत गेलेल्यांची नावं आणि त्याखाली अध्यक्षांचं. नावं मेजरांकडून मी आणायची.

मी वही घेऊन गेले. ते बागेतल्या बाकावर होते. एकाहत्तरच्या लढाईत गेलेल्यांची नावं हवीत, मी म्हणाले. कशासाठी, हे सांगायची मला गरज वाटली नाही. ते उठले, टोपी नीट केली, हात मांड्यांना चिकटवले आणि समोरच्या कडुलिंबाकडे बघत सात नावं म्हणाले. हुद्द्यासकट, एका दमात. त्यांत एक ज्ञानोबा होता, एक बलबीर होता, एक जोसेफ होता, एक इब्राहिम होता. मी लिहून घेतली, दुकानात जाऊन टाईप केली आणि दगड घडवणाऱ्याकडे पाठवली. एक प्रश्न विचारला असता तर पुढचं सगळं टळलं असतं. पण पत्रकवाल्यांच्या घरात उत्तरं आधीच तयार असतात.

अनावरणाच्या दोन दिवस आधी दगड बागेत उभा राहिला. अध्यक्षांनी हवालदारांना बघायला बोलावलं. मीही होते. त्यांनी वरची ओळ वाचली. मग प्रत्येक नावावरून बोट फिरवलं, सातही.

“ही आमची नाहीत,” ते म्हणाले.

अध्यक्ष माझ्याकडे बघायला लागले. मी वही काढली. तुम्हीच सांगितली होती काका, मी म्हणाले. हो, मीच सांगितली, ते म्हणाले. आणि मग, माझ्या माहितीत पहिल्यांदाच, त्यांनी ती लढाई सांगितली.

एका कालव्याचा बंधारा त्यांच्या पलटणीने घेतला होता. घेणं सोपं गेलं. ठेवणं जड गेलं. दुसऱ्या दुपारी गोळ्या संपत आल्या, पाणी तर सकाळीच संपलं होतं. तेव्हा डावीकडची दुसरी पलटण सरकत सरकत आली आणि त्यांच्याच खंदकांत उतरली. कोण कुठल्या पलटणीचा, ते मग कुणी बघितलं नाही. बंधारा राहिला. संध्याकाळी गिनतीला, म्हणजे हजेरीला, दोन्ही पलटणी एकत्र उभ्या राहिल्या. हवालदारांच्या पलटणीचे नऊ गेले होते, दुसऱ्या पलटणीचे सात. यांच्या सुभेदाराने आपल्या पहिल्या पोराचं नाव घ्यायला तोंड उघडलं आणि आवाज फुटेना. तेव्हा समोरच्या पलटणीतला एक नाईक पुढे झाला, त्याने कागद घेतला आणि ती नऊ नावं वाचली. मग यांच्यातून हवालदार पुढे झाले आणि त्यांची सात वाचली.

तेव्हापासूनची रीत ती. आपले मेलेले आपण म्हणायचे नाहीत. तो नाईक घोटीचा निघाला, भातशेतीवाला. लढाईच्या दिवशी दरवर्षी हे घोटीला जायचे किंवा तो इकडे यायचा. हे त्याचे सात म्हणायचे, तो यांचे नऊ. आदल्या वर्षी तो वारला. मी वही घेऊन गेले तेव्हा नावं विचारल्यावर त्यांच्या तोंडून जी निघाली, ती त्याची सात होती. दुसरी निघतच नव्हती.

अध्यक्षांनी ऐकून घेतलं. मधेच मोबाइलही बघितला.

“म्हणजे ही आपली माणसं नाहीत,” अध्यक्ष म्हणाले. “इब्राहिम बघितला तेव्हाच मला वाटलं होतं.”

“त्यांनी आम्हाला पाणी दिलं,” हवालदार म्हणाले.

“दिलं असेल ना काका, कोण नाही म्हणतंय? पण वर नाव आपल्या पलटणीचं आहे. आमदारसाहेब त्यासाठी येतायत. दगडवाला उद्या ही सात घासून काढतो, तुम्ही तुमची नऊ द्या.”

“वरची ओळ काढा. नावं राहू द्या.”

“वरच्या ओळीसाठीच तर दगड बसवलाय.”

एवढी खरी गोष्ट अध्यक्ष आयुष्यात दुसऱ्यांदा बोलले नसावेत.

हवालदारांनी दगडाकडे बघितलं. आपल्या नऊ पोरांना दगड मिळत होता. पन्नास वर्षांत त्यांना कुठेच मिळाला नव्हता. गावच्या शाळेत नाही, चौकात नाही. फक्त दुसरी सात पुसली जायला हवी होती. शिवाय ती नऊ यांच्या तोंडून निघणारही नव्हती. मी म्हणाले, काका, लिहून द्या, म्हणायचं कशाला? त्यांनी माझ्याकडे असं बघितलं की मी वही पिशवीत घातली.

दुसऱ्या दिवशी सकाळी ते घोटीला निघाले. नाईकाच्या घरी त्याच्या हातची एखादी यादी असेल, असं त्यांना वाटत होतं. चूक माझी होती, म्हणून मी बरोबर गेले. 

नाईकाची बायको ओसरीवर तांदूळ पाखडत होती. सत्तरीची असेल, हात मात्र विशीतल्यासारखे चालत होते. “बसा भावजी,” म्हणाली आणि सूप न थांबवता सगळं ऐकून घेतलं. दगडाचं, वरच्या ओळीचं, सात नावं घासून काढण्याचं. यादीचं विचारल्यावर हसली.

“त्यांना कुठं लिवायची सवय. कागुद नाय काय.” तिने सुपातला एक खडा वेचून फेकला. “पर मला येत्यात तुमची.”

आणि तिने नऊ नावं म्हटली. सूप चालूच होतं. इतक्या वर्षांत हे घोटीला आले की चहा घेऊन ती दारात उभी राहायची, तेवढ्यावर पाठ झाली होती. हुद्दे तिच्या पद्धतीचे होते. लान्स नाईकाचा तिने लानसा केला होता. पण एक नाव सुटलं नाही, एकाचा क्रम चुकला नाही. हे केव्हा उठून उभे राहिले ते मला कळलंच नाही.  मी हळूच पेन काढलं. त्यांनी न बघता माझ्या मनगटावर हात ठेवला.

“लिहू नकोस.”

मग ते तिला म्हणाले, “वहिनी, दगडावर तुमची आहेत. घासून काढू का, सांगा. तुम्ही म्हणाल तसं.”

तिने सूप खाली ठेवलं.

“मला काय इचारता? तेंचं नाव तर त्या दगडावं नाय. ते घरी येऊन मेले.” जरा थांबून म्हणाली, “पर तुमी काढली, तर फुडल्या साली हितं कोन्ची म्हनणार तुमी? माझ्याम्होरं उभं ऱ्हाऊन?”

त्यांनी मान हलवली. तिने दोघांना भात वाढला. परतताना ते खिडकीशी बसून गुडघ्यावर बोटांनी काहीतरी मोजत होते. नऊपर्यंत जाऊन पुन्हा पहिल्यापासून.

अनावरणाच्या दिवशी मी सात वाजता बागेत पोहोचले तेव्हा दगडावरचं मखमली कापड घडी करून बाकावर ठेवलेलं होतं. ते ब्लेझर घालून, मेडलं लावून दगडासमोर उभे होते, हातात छिन्नी आणि हातोडी. दगड घडवणारा बाजूला अवघडून उभा होता. अवजारं त्याचीच. मशीन आहे माझ्याकडे काका, दोन मिनिटांत काढून देतो, असं त्याने तीनदा सांगितलं होतं. “आमच्या पलटणीचं नाव आहे. दुसऱ्या कुणी हात लावायचा नाही,” एवढंच हे म्हणाले होते.

काळ्या दगडावर प्रत्येक घावाला पांढरा चरा उठत होता. छिन्नी ओळ सोडत नव्हती. ज्या नावासाठी हा माणूस बाविसाव्या वर्षी मरायला तयार होता, ते नाव तो अक्षर अक्षर उडवत होता. मला वडिलांची सगळी पत्रकं आठवली आणि त्यांतलं एकही इतक्या हिमतीचं वाटलं नाही.

अध्यक्ष आले तेव्हा ओळ संपली होती. मंडळाच्या सगळ्यांनी लष्करी छापाची जाकिटं घातली होती. बुजगावणी दिसावीत तशी ती फौज बागेच्या दारात खिळून राहिली. आपल्याच पलटणीचा अपमान केलात, असं अध्यक्ष ओरडले; पोलिसांत देतो म्हणाले. हवालदारांनी छिन्नी-हातोडी दगडवाल्याला परत दिली. शेवटी उडवलेल्या जागेवर झेंडूचे जाड हार लटकवून अनावरण झालं. साहेबांनी भाषणात लढाईचं साल चुकवलं, आणि टाळ्या पडल्या.

पुढच्या वर्षी लढाईचा दिवस आला, तेव्हा ते घोटीला जाऊन आले. त्यानंतर चार महिन्यांनी हवालदार वारले. मंडळाने श्रद्धांजलीचा फ्लेक्स लावला. त्यावर ‘मेजर’ लिहिलं होतं. तो मजकूर लिहायला मी नकार दिला आणि दुकान सोडलं. त्याने जगाचं काहीच बिघडलं नाही.

दगड अजून बागेत आहे. बदलून टाकू, असं अध्यक्ष दर निवडणुकीला म्हणतात. फिरायला येणारे विचारतात, ही कुठल्या पलटणीची माणसं? विचारू देत. माझ्या डोळ्यांपुढे मात्र ती सकाळ राहते. शेवटचं अक्षर उडवून झाल्यावर त्यांनी डोक्यावरची टोपी काढली आणि तिने खालच्या सात नावांवर पडलेली दगडाची भुकटी एकेक नाव करत पुसली. ब्लेझरवरची, मेडलांवरची, स्वतःच्या भुवयांवरची भुकटी त्यांनी झटकली नाही. ती तशीच अंगावर घेऊन ते घरी गेले.