घरातली गणती

"त्यालाच उतरवा. त्यांच्यात चालतं हे सगळं."

कन्नडला जाणाऱ्या रस्त्यालगतची विहीर. साहेब काठावर उभे राहून सांगत होते. आम्ही अग्निशमन दलाचे पाच जवान. पोहता सगळ्यांनाच येतं. पाचांत मी एकटा बौद्ध. दोर माझ्या कमरेला बांधला गेला. प्रेत काढायचं असलं की तो माझ्याच कमरेला बांधला जातो. कार्यालयात पाळीचा तक्ता आहे. त्यात या कामाला रकाना नाही.

मी मुलगी वर आणली. अंगावर शाळेचा गणवेश. माझ्या मुलीएवढीच, आठेक वर्षांची.

विहिरीच्या मालकाने सगळ्यांना चहा आणला. मी ग्लासाला हात लावणार तोच साहेब म्हणाले, "तू लांब बस रे. वास येतोय."

शेजारचा जवान म्हणाला, "त्याला नाय येत साहेब. त्याचं नाक लई सरकारी हाय, कामच करत नाय."

सगळे हसले. मीही हसलो. हे लिहिणं भाग आहे.

आमच्या कामात एक शिस्त आहे. आगीतून, पाण्यातून बाहेर आलं की गणती होते. नाव पुकारलं की "हजर" म्हणायचं. उत्तर आलं नाही, तर माणूस आत राहिला असं धरायचं.

त्या विहिरीनंतर मी ही गणती घरात आणली. दारातूनच मुलीचं नाव पुकारायचो. तिने असेल तिथून "हजर" म्हणायचं. आधी तिला खेळ वाटला. मग मी सुट्टीच्या दिवशी तासातासाला पुकारू लागलो. ती न्हाणीत असली तरी.

बायको म्हणाली, "अहो, पोरगी हाय ती. तुमच्या गाडीवरचा जवान नाय."

मी ऐकलं नाही.

एका रविवारी दुपारी उत्तर आलं नाही. दुसऱ्यांदा पुकारलं. नाही. ती पलंगाखाली होती, तोंडावर हात ठेवून हसू दाबत. मी तिला पाय धरून बाहेर ओढलं आणि मारलं. किती, ते मला आठवत नाही. बायकोला आठवतं.

पुढच्या आठवड्यात शाळेतून बोलावणं आलं. बाई म्हणाल्या, "ही मधल्या सुट्टीत लघवीला जातच नाही. मग वर्गात होते."

मुलगी मान खाली घालून म्हणाली, "मी आत गेले आन् बाबांनी हाक मारली तर?"

बाईंनी विचारलं, "घरी काही झालंय का?"

मी म्हणालो, "नाही."

त्याच महिन्यात कार्यालयात तपासणीचे फॉर्म आले. झोप लागते का, राग अनावर होतो का, घरच्यांना त्रास होतो का. त्रास नसल्याच्या खुणा आधीच केलेल्या होत्या. दरवर्षी तशाच असायच्या. मी दरवर्षी सही केली होती.

साहेब म्हणाले, "कर सही. तुला कसलं टेन्शन? तुला तर सवय आहे."

मला शाळेतलं माझं "नाही" ऐकू आलं. मी त्या खुणा खोडल्या.

"सवय नाय साहेब. तुम्ही मला एकट्याला लावलेली पाळी हाय ती. मला त्रास होतो. मी पोरीला मारलंय."

"हे इथं कशाला सांगतोस?"

"इथंच सांगायचंय. इथं विचारलंय."

फॉर्मवर मी तेच लिहिलं. खाली सही केली.

साहेबांनी मला विहिरीत उतरवलं. पोरीवर हात मी उचलला. तो त्यांच्या खात्यावर ढकलता येत नाही. मी शाळेत गेलो आणि बाईंना खरं सांगितलं. आता मुलीला घेऊन डॉक्टरांकडे जातो. स्वतःसाठीही जातो.

परवा वैजापूरकडचा कॉल आला. प्रेत कालव्यात. साहेबांनी दोर माझ्या पायाशी टाकला. मी उचलला नाही.

"जिवंत माणूस असेल तर मी पहिला उतरतो. प्रेताला सगळ्यांची पाळी लावा. लेखी."

"नोटीस निघेल."

"काढा."

दोर बराच वेळ तिथंच पडून होता. शेवटी नाकाचा विनोद करणाऱ्यानेच तो कमरेला बांधला. नोटीस आली आहे. तिच्या उत्तरातही मी पाळीच मागितली आहे.

घरात मी कुणाचं नाव पुकारत नाही. दार वाजलं की मुलगी अजून "हजर" म्हणते.
मी बूट काढतो. ती म्हणायची थांबेपर्यंत ते मला ऐकावं लागणार आहे.