बद्रुद्दीनचं आभाळ

हट्टा गावचा बद्रुद्दीन पिंजारी कापूस पिंजायचा अंगणात, पण त्याचा जीव असायचा आभाळात. दिवाळी सरली की गाद्यांचं काम वाढायचं आणि नेमकी त्याच दिवसांत उत्तरेकडून शिकारी पाखरं उतरायची. हात पिंजायच्या कमानीवर, मान वर. घारीची शेपटी मधोमध चिरलेली. भोवत्या पंख उचलून धरतो, लुगडं सावरत ओढा ओलांडणाऱ्या बाईसारखा, अन् पिकावरून डुलत जातो. वर काही फिरताना दिसलं की गल्लीतल्या बाया कोंबड्यांसाठी धावायच्या. बद्रुद्दीन बसल्या जागेवरून सांगायचा, "भोवत्या हाय, पिल्लं न्हेत न्हाई. माघारी जा, भाकरी जळंल."

त्र्याहत्तर साली दुष्काळामागून रानभर गवत माजलं. नाकतोडे उदंड झाले, त्यांच्यामागं भोवतेही. त्याच हिवाळ्यात शेजारच्या अमृतरावांच्या कोंबडीची चार पिल्लं गेली. अमृतरावांनी वडिलांची निजामाच्या काळातली बंदूक काढली आणि तडक बद्रुद्दीनचं अंगण गाठलं.

"बद्रूभाई, तो वर फिरून राहिला, तोच चोर. व्हय का न्हाई?"

"न्हाई. भोवत्या हाय तो. नाकतोडे खातो. चार महिन्यांचा पाहुणा, त्याला काहून मारता?"

"पाहुणा माझ्याच घरी जेवतो का?"

"पंख बघा त्याचे. बराबर बघा."

अमृतराव बघू लागले. बद्रुद्दीनही उभा राहिला. दोघांच्या माना मागं, तोंडं उघडी. तेवढ्यात लिंबाच्या झाडातून एक करडं पाखरू कमरेएवढ्या उंचीवरून सुटलं, दोघांच्या मधून गेलं आणि बद्रुद्दीनच्या बायकोचं, अमीरबीचं, गुबगुबीत पिल्लू उचलून कुंपणापार झालं.

अमृतराव दचकले. बंदूक आपसूक उडाली. छर्रे पिंजलेल्या कापसाच्या ढिगात शिरले आणि अंगणभर कापूस उडाला.

"शिकरा," बद्रुद्दीन पापणीवरचा कापूस काढत समाधानानं म्हणाला. "चार-दोनदा पंख मारतो, मग तरंगतो. बघितलं का अमृतराव? चोर हाच."

अमीरबी दारात येऊन उभी होती. "नाव कळलं. पिल्लू कुठं हाय?"

तिनं दोन टोपल्या पुढं सरकवल्या. दुपार टळेपर्यंत पिंजारी आणि पाटलांच्या भावकीतले अमृतराव ओणवे होऊन कापूस वेचत राहिले. मिशांत अडकलेला कापूस अमृतरावांना घरी गेल्यावर बायकोनं, लक्ष्मीबाईंनी, दाखवला, तोही हसून झाल्यावर. बंदूक त्यांनी पुन्हा काढली नाही. आठवड्यानं अमीरबीकडं एक तलंग, अंड्यावर येऊ घातलेली कोंबडी, मात्र पाठवली.

बद्रुद्दीनला वाटलं, आता गल्ली आपल्याला विचारायची नाही. झालंही तसंच. कापूस वेचला त्याच्या दुसऱ्याच दिवशी गल्लीवरून पाखराची सावली फिरली तेव्हा शेजारच्या केशरबाईनं हाक मारली ती अमीरबीला.

अमीरबीनं आधी लिंबाच्या फांद्या निरखल्या, मग आभाळ.

"भोवत्या हाय," ती म्हणाली. "मादी. कंबरेला पांढरा पट्टा हाय."

बद्रुद्दीननं कमान खाली ठेवली. पट्टा त्याला दिसला नव्हता.