अकरा कोऱ्या भिंती

पांढुर्णा ते सौसर या पट्ट्यात जो कोणी नवं घर बांधतो, त्याने आधी देवाला आणि लगेच माझ्या साडभाऊंना भ्यायला हवं, असं माझं स्पष्ट मत आहे. साडभाऊ म्हणजे माझ्या बायकोच्या थोरल्या बहिणीचे यजमान. माझ्या मोजणीप्रमाणे आजवर सतरा नवी घरं त्यांच्या हाताखालून गेली, आणि सतराच्या सतरा घरमालकांनी त्या काळात नीट झोप घेतली नाही. साडभाऊंना 'सजवणं' हा शब्द आवडत नाही. "घर बांधनं गवंड्याचं काम हाय, साडभाऊ," ते मला सांगतात, कारण साडभाऊ एकमेकांना साडभाऊच म्हणतात. "त्याले चेहरा देनं आपलं काम हाय. पाव्हना निंघून गेल्यावर त्याले घर याद राह्यलं पाह्यजे, चहा नाही." गृहप्रवेशाला बाकीचे पाहुणे भांडं किंवा भिंतीवरचं घड्याळ घेऊन येतात. साडभाऊ हातोडी घेऊन येतात. पाण्याचा पेलासुद्धा नाकारून आधी सगळ्या भिंती बोटाच्या पेराने वाजवतात, डॉक्टरसारखी मान तिरपी करून ऐकतात, आणि भरल्या पंगतीत जाहीर करतात, "मुकं हाय घर!" यजमानाचा घास तिथेच अडकतो.

रामाकोन्याला माझ्या चुलतभावाचं घर झालं तेव्हा त्यांनी संत्र्याच्या पेट्यांच्या फळ्या जोडून बैठकीत जमिनीपासून छतापर्यंत मांडणी केली. दिसायला ती खरोखर सुरेख होती. पण फळ्यांना संत्र्याचा रस मुरलेला होता, आणि पंधरा दिवसांत मुंग्यांची रांग लागली. भावाने तक्रार केली तर म्हणाले, "घ्या! मुंग्याइले बी घर सापडलं. शेजारच्याकडे काऊन नाही गेल्या?" बोरगावच्या एका मास्तरांच्या घरी त्यांनी सहा दारांना सहा रंग दिले. मास्तर आता पाहुण्यांना 'आत या' म्हणत नाहीत, 'जांभळ्यातून या' म्हणतात. आणि हिरव्यातून कोणी शिरलं की आतून बायका ओरडतात, कारण ती न्हाणी आहे.

माझ्या घरी त्यांनी बंगई टांगली. आमच्याकडे लाकडी झोपाळ्याला बंगई म्हणतात. मी टेप घेऊन शेजारी उभा होतो आणि दोनदा बोललो, की बंगईचा झोका चार फूट दोन इंच पुढे जातो आणि टीव्ही तीन फूट अकरा इंचांवर आहे. "टीव्ही सरकवा," ते हातोडी न थांबवता म्हणाले. "टीव्ही तं सबच्याच घरी हाय." टीव्ही सरकायला जागा नव्हती. तेव्हापासून आमच्या घरात कोणी बंगईवर बसलं की मी ओठ आवळून झोके मोजतो. पण खरं तेच लिहायचं तर, स्टेशनवरून येणारा पाहुणा 'बंगईवाल्यायचं घर' विचारत सरळ आमच्या दारात येतो. आमच्या लेआउटमध्ये एकाच ठेकेदाराची एकाच नमुन्याची बावीस घरं आहेत, हे लक्षात घेता ही सोय लहान नाही.

असा माणूस स्वतःचं घर कसं करेल, याची आम्हा नातेवाइकांना फार उत्सुकता होती. सरकारी नोकरीची एकतीस वर्षं त्यांनी क्वार्टरांत काढली. निवृत्तीच्या वर्षी सौसरला त्यांचं घर उभं राहिलं. पूजा झाली, पंगत उठली. ठरावीक मुदतीत क्वार्टर रिकामं करून तिथे राहायला जायचं, एवढंच उरलं होतं. आणि साडभाऊ अडकले.

रोज माझ्या जेवणाच्या सुट्टीत त्यांचा फोन येई. "साडभाऊ, बैठकीले निळा घेऊ का पिवळा?" मी निळा म्हटलं की दुसऱ्या दिवशी, "तुमी निळा काऊन म्हटला? काही इचार करून म्हटला का असाच?" बसच्या कंडक्टरला विचारलं, दवाखान्यात डॉक्टरला विचारलं, डॉक्टरने झोपेची गोळी लिहून दिली. एका रविवारी मला आरसा धरून उभं केलं. थोडा वर, थोडा खाली, जरा डावीकडे. चाळीस मिनिटं झाली. मग म्हणाले, "राहू द्या, ठेवा खाली." पुढे आठवडाभर मला शर्टात हात घालायला बायको लागायची. सतरा घरांत बेधडक खिळे ठोकणाऱ्या माणसाच्या घरात अकरा भिंती होत्या आणि खिळा एकही नव्हता.

ताईंचं, म्हणजे माझ्या थोरल्या मेहुणीचं, तोंड दिवसेंदिवस लहान होत चाललं होतं. "लोकाच्या घराले यायनं चेहरे देल्ले," त्या माझ्या बायकोला म्हणाल्या, "अन मी एकतीस सालं दुसऱ्याच्या ओट्यावर भाकरी थापून राहिली." मुदत संपत आली तशी क्वार्टरमध्ये येणाऱ्या नव्या साहेबांची बायको पडद्याची मापं घ्यायला आली. ताई पोळ्या लाटत होत्या, आणि ती बिचारी संकोचत त्यांच्या डोक्यावरून खिडकी मोजत होती. त्या दिवशी ताई जेवल्या नाहीत. बायको मला म्हणाली, "तुम्ही जा. तुमचं ऐकतील." माझं आजवर कोणी ऐकलेलं नाही, पण मी गेलो.

साडभाऊ नव्या बैठकीत रंगाच्या पालथ्या डब्यावर बसले होते. समोरच्या भिंतीवर वेगवेगळ्या रंगांचे वीतभर चौकोन मारून पाहिले होते. मी मोजले. चौदा. भिंतीला काही रोग झाल्यासारखं दिसत होतं. साडभाऊंची दाढी वाढली होती आणि शर्ट खांद्यावर सैल झाला होता.

"साडभाऊ, नऊ दिवस राहिले," मी म्हणालो.

"मालूम हाय. म्हनून तं ते समोरचं घर पाहून ठेवलं."

"कशाला?"

"भाड्यानं. चार-सहा महिने तिथं राहू. तिथून आपलं घर चांगलं दिसते. बसल्या बसल्या सुचन."

स्वतःचं घर पाहण्यासाठी भाड्याच्या घरात राहायला निघालेला माणूस मी पहिल्यांदाच पाहत होतो. मला राग आला. "सतरा घरांत तुमचा हात कधी थरथरला नाही. इथेच काय झालं?"

ते भिंतीकडेच पाहत म्हणाले, "लोकाच्या घरी चुकलं तं मी जेवून निंघून येतो, साडभाऊ. इथं मले राहाचं हाय. अन तिले. तिनं कधी काही मांगलं नाही. आता हे बी घर तिले नाही आवडलं तं?" मग म्हणाले, "तुमची बंगई टीव्हीले लागते. मले मालूम हाय."

तेवढ्यात बाहेर सामानाची गाडी थांबली. ताई ड्रायव्हरच्या शेजारी मांडीवर गॅसची शेगडी घेऊन बसल्या होत्या. मागे डबे, गाद्या, शिलाई मशीन.

"अवं, पन रंग बाकी हाय ना!" साडभाऊ दारात आडवे झाले.

"तं लावा ना. माह्या भोवतानं लावा," ताई म्हणाल्या. "सरका जी, शेगडी जड हाय."

तासाभरात नव्या ओट्यावर वांग्याची भाजी फोडणीला पडली. तेल तडकलं आणि हळदीचा एक शिंतोडा कोऱ्या भिंतीवर उडाला. साडभाऊ ओलं फडकं घेऊन धावले. त्यांनी पुसलं तसा तो पसरला, आणि तळहाताएवढा पिवळा डाग झाला. त्यांचा चेहरा उतरला. ताईंनी झारा हातात धरून डाग न्याहाळला, मग बैठकीतल्या चौदा चौकोनांकडे नजर टाकली.

"हा पंधरावा," त्या म्हणाल्या. "हाच घ्या. मले हाच आवडला."

पेंटरला तो डाग दाखवून रंग आणवला. आज सबंध घर हळदीचं आहे. भिंतींवर काही नाही. ताईंना त्या तशाच आवडतात, आणि त्या दिवसभर गुणगुणत असतात, असं साडभाऊच सांगतात.

पण त्यानंतर साडभाऊ बदलले. मागच्या महिन्यात तिगावला एका नातेवाइकाच्या गृहप्रवेशाला आम्ही दोघं गेलो. ते पाणी प्यायले, चहा घेतला, हात मांडीवर ठेवून बसले, आणि यजमानाने घाबरत घाबरत विचारलं तेव्हा म्हणाले, "चांगलं हाय घर. जशी घरातली बाई म्हनन तसं ठेवा." यजमानाने सुटकेचा श्वास सोडला. मला मात्र जेवण गेलं नाही. त्यांच्यापासून आमच्या भिंती वाचाव्यात म्हणून मी इतकी वर्षं धास्तावलेला राहिलो, आणि आता ती धास्ती गेल्यावर शेजारी एक साधे, म्हातारे गृहस्थ बसले होते.

परतीच्या गाडीत मी खिडकीबाहेर पाहत म्हणालो, "आमच्या वरच्या खोलीची भिंत अजून कोरीच आहे, साडभाऊ."

दोन-तीन मैल गेल्यावर त्यांनी विचारलं,

"केवढी हाय?"

दहा फूट चार इंच. मला पाठ होतं.

"कोण जाणे," मी म्हणालो. "तुम्हीच येऊन पाहा."