नव्या फोनचं सील

आज नव्या फोनचं सील काढताना हॅलिफॅक्सच्या फेरीबोटीतला तो रविवार आठवला. तोंडावर खारा वारा, डब्यातल्या थालीपिठांचा वास, आणि आदल्याच दिवशी घेतलेला माझा फोन. "उन्हाकडे तोंड करा गं, नाहीतर चेहरे काळे येतील," म्हणत मी चौघी मैत्रिणींना बाकावर बसवलं आणि स्वतः पाण्याकडे पाठ करून कठड्याशी उभी राहिले. मी बटण दाबलं, त्याच क्षणी चौघींनी आ वासला आणि एकदम ओरडल्या, "अगं, सील! सील!" मला वाटलं, कॅमेऱ्यावरचं प्लास्टिक काढायचं राहिलं. "हो गं, काढते," म्हणत मी नखाने खरवडत बसले. "बावळट, मागे बघ! सील मासा!" मी वळले तेव्हा पाण्यावर नुसती वर्तुळं होती. त्यानंतर कुणी विनिपेगला गेली, कुणी वॉनला. पाचजणी पुन्हा जमलोच नाही. त्या दिवसाचा तेवढा एकच फोटो आहे आणि त्यात मी नाही. फक्त एकीच्या गॉगलमध्ये एक काळा ठिपका दिसतो. मघाशी नव्या फोनवर तो आणखी मोठा करून पाहिला. सील आहे, की माझं डोकं?