तारखेप्रमाणे इंग्रजी

दोन जूनला स्टोअरकीपरने दोनशे दहा रुपयांना इंग्रजी वाक्प्रचारांचं पुस्तक आणलं. त्यात वर्षातल्या प्रत्येक तारखेला एक वाक्प्रचार होता. तो त्याच दिवशी ऑफिसात कुणाला तरी ऐकवायचा, नाहीतर बायकोला पाच रुपये दंड द्यायचा, असं त्याने स्वतःच ठरवलं. माणूस शिस्तीचा, प्रसंग कोणताही असो, तारीख मोडायची नाही. म्हणूनच क्लार्कचे सासरे वारले तेव्हा त्याच्या पाठीवर हात ठेवून हा गंभीरपणे म्हणाला, "बेटर लक नेक्स्ट टाइम."

सतरा जुलैच्या पानावर होतं, "ओव्हर माय डेड बॉडी", म्हणजे मी जिवंत असेपर्यंत हे होऊ देणार नाही. दिवसभर कुणी तावडीत सापडलं नाही. साडेपाचला मॅनेजरसाहेबांनी केबिनमध्ये बोलावलं.

"तुम्हाला हेड स्टोअरकीपर करतोय. चालेल ना?"

या जागेकडे तो अकरा वर्षं डोळे लावून बसला होता. वाक्प्रचार जिभेच्या टोकावर आला, तसा त्याने तोंडावर हात दाबला.

"का हो? नको का?"

"हवंय, साहेब! हवंय!" तो मराठीतच ओरडला.

घरी बायको दारातच उभी होती. "आजचं कुणाला ऐकवलंत?"

"गिळलं. पण हेड झालो!"

"अगं बाई! छान झालं हो." तिने हात पुढे केला. "काढा पाच रुपये."

"ओव्हर माय डेड बॉडी!"

दीड महिन्यात पहिल्यांदाच त्याचा वाक्प्रचार जागेवर बसला. पण तो ऑफिसात म्हटलेला नसल्याने बायकोने धरला नाही. पाच रुपये अजून द्यायचे आहेत.