आप्पांची पांढरी वाइन

आमच्या सासऱ्यांनी, आप्पांनी, स्वतःच्या हाताने वाइन केली आणि एक थेंब कधी जिभेला लावला नाही. गळ्यात लिंग, कपाळावर विभूती आणि हातात पांढऱ्या वाइनचा पेला, अशा थाटात ते टाकीच्या खोलीत उभे राहत. पेला नाकाशी नेऊन डोळे मिटत आणि निकाल देत, "जमली!" किंवा "न्हाई, हिचं आजून मन लागंना." चव घेण्याचं काम माझ्या नवऱ्याकडे होतं. तो ते जरा जास्तच मनापासून करायचा.

मी माजलगावची, धरणाच्या पाण्यावरच्या उसात वाढलेली. लग्न होऊन मांजरसुंब्याच्या घाटाजवळ आले, तेव्हा सासरचा तो उतरता, मुरमाड माळ बघून वाटलं, इथे काय कपाळ पिकणार. त्यात रात्री अशी थंडी की दोन गोधड्या पुरत नसत. आप्पांना मात्र त्या थंडीचा कोण अभिमान! पाहुणा कुडकुडायला लागला की यांची कळी खुलायची. "बघा, हा गारवा द्राक्षात उतरतो. नाशिकवाल्यायनीच काय मक्ता घेतला हाय का?" सरकारने वाइनचे परवाने सोपे केले, तसे ते नाशिककडे जाऊन सगळं शिकून आले होते आणि त्यांनी माळावर द्राक्षं लावली होती.

माळ दोन भावांत सामाईक होता. आप्पांचे धाकटे भाऊ, आमचे काका, वाइनला पहिल्यापासून वैतागलेले. त्या दिवसांत जिकडेतिकडे रस्ते रुंद होत होते आणि एक खडी क्रशरवाला माळ मागत होता. शेवटी काकांनी निर्वाणीचं सांगितलं, "दादा, त्यो पुण्याचा हॉटेलवाला वाइन बघाया येतोय, त्यानं माल घेतला तर ठीक. न्हाईतर माळ क्रशरला." आप्पा "बरं" म्हणाले आणि त्या दिवशी जेवले नाहीत.

हॉटेलवाले साहेब आले, ओसरीवर बसले. मी पेले आणले. साहेबांनी घोट घेतला आणि पेला खाली ठेवून दिला. आप्पांनी सवयीने आपला पेला नाकाशी नेला.

"वेलदोडा?" आप्पा म्हणाले.

आमच्या सासूबाई दाराआडून ठसक्यात बोलल्या, "मंग! सकाळी पोरानं चाखली तवा तोंड कसं वाकडं केलतं! पाव्हण्याला आंबट द्यायचं व्हय? साखर बी घातली हाय मी."

काकांनी छताकडे बघितलं. मला वाटलं, संपलं सगळं, गेला माळ. पण आप्पा पोट धरून हसत सुटले. "साहेब, हे आमच्या घरचं आगतस्वागत झालं. आता माळावरचं घ्या," असं म्हणत त्यांनी माठाशेजारच्या ओल्या फडक्यातली दुसरी बाटली काढली.

साहेबांनी ती प्यायली, चार शेंगदाणे तोंडात टाकले, पुन्हा प्यायली. "कैरीसारखी चुरचुरते हो जिभेवर. आणि लगेच दुसरा घोट मागते," ते म्हणाले आणि सगळा माल ठरवून गेले. आप्पा सासूबाईंना म्हणाले, "तुझ्या साखरंनंच हिची किंमत कळली बग त्यायला." सासूबाई दोन दिवस त्यांच्याशी बोलल्या नाहीत.

पुढची काही वर्षं बरी गेली. मग साहेबांनी हॉटेल विकलं, नवा मालक फिरकला नाही, आणि त्याच सुमारास आप्पांनी अंथरूण धरलं. क्रशरवाल्याची जीप पुन्हा दारात दिसू लागली. आप्पा पडल्यापडल्या बघायचे. एकदाच काकांना जवळ बोलावून म्हणाले, "मला द्राक्षाच्या वरल्या वळीच्या कडंला ठिवा, एवढंच."

आम्हा लिंगायतांत माणसाला बसवून माती देतात. आप्पांना आम्ही तिथेच बसवलं, द्राक्षांकडे तोंड करून. मी फार रडले. माझ्या वडिलांनीही माझे इतके लाड केले नव्हते.

महिन्याभराने क्रशरवाला कागद घेऊन आला. काकांनी माळाकडे बघितलं आणि कागद परत केला.

"न्हाई जमायचं," ते म्हणाले. "तितं दादा बसल्यात. त्यायला ऊठ कुनी म्हनावं?"